घडी न मोडलेला खण

एकदा एका गावात पोथी सांगणाऱ्या एक वृद्ध माई राहत असत. श्रावणातल्या शुक्रवारी, जिवतीच्या पूजेला, त्यांची एक शिष्या त्यांना सवाष्ण म्हणून जेवायला बोलावी. यंदाही तिने बोलावले, पण तिचे चित्त थाऱ्यावर नव्हते. पुरणात वेलदोडा दोनदा पडला, निरांजन लावायचे राहिले, आणि पाळण्यातल्या नऊ महिन्यांच्या लेकीच्या कपाळाला ती उगाच पुन्हा पुन्हा हात लावून पाही.

कारण तसेच होते. उद्या लेकीला गोवराची लस द्यायची होती. खालच्या आळीत दोन मुलांना गोवर निघालेला. आणि चारच दिवसांपूर्वी जाऊबाईंनी फोनवर बातमी धाडली होती, की पल्याडच्या गावात या सुईने एक बाळ गेले. शिष्येने ती वाचली, देवाला हात जोडले आणि सात मैत्रिणींना पुढे पाठवली. त्यांतल्या शेवंताचे उत्तर आले होते, "बरं झालं सांगितलंस. मी काही माझ्या पोराला नेत नाही."

माईंनी विचारले, तेव्हा वाढता वाढता तिने ती बातमी, आणि आपण ती पुढे धाडल्याचेही, त्यांना सांगितले. जेवणे झाली. शिष्येने माईंची ओटी भरली. तेव्हा माईंनी सहसा कुणी करत नाही ते केले. नारळ बाजूला ठेवला, खणाची घडी तिथेच मोडली आणि तो खिडकीच्या उजेडात धरला. मधोमध उंदराने कुरतडलेले भोक होते.

शिष्येला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "माई, मला खरंच ठाऊक नव्हतं. चैत्रात जाऊबाईंनी दिला, तसाच ठेवला होता."

"त्यांना कुणी दिला?"

"त्यांच्या विहीणबाईंनी. त्यांना कुणी, कोण जाणे."

माई हसल्या. "माझ्या पेटीत असे पाच आहेत. आपण बायका ओटीचा खण शिवत कुठं, फिरवतो. देणारी आपली, वर हळदीकुंकवाचं बोट लागलेलं. मग घडी कोण मोडतं? बरं, ते गेलेलं बाळ कुणाचं? नाव काय त्याचं?"

शिष्या म्हणाली, "जाऊबाई खोटं कशाला सांगतील?"

"खोटं नाहीच सांगितलं. हा खण देतानाही त्यांच्या मनात काही नव्हतं. बातमी मायेनं आली, मायेनं पुढे गेली. घडी मात्र एकीनंही मोडली नाही. जिवतीपाशी लेकरांचं आयुष्य मागतेस ना, मग दुसरीच्या लेकराच्या ओटीत काय घालतेस ते आधी उजेडात धर."

त्याच दुपारी शिष्या उपकेंद्रात नर्सबाईंकडे गेली. पल्याडचे गावही त्यांच्याकडेच होते. त्यांनी वही उघडून एकेका बाळाच्या नावावरून बोट फिरवले. "सगळी आहेत, बाई. एकही गेलेलं नाही."

"म्हणजे काहीच होत नाही?"

"असं नाही म्हणणार मी. आठ-दहा दिवसांनी एखाद्याला ताप येतो, थोडं पुरळ उठतं. टोचल्यावर अर्धा तास इथंच बसायचं, मी असते. तापाचं काय करायचं तेही सांगेन."

धास्ती पुरती गेली नाही. पण जिने तापाचे आपणहून सांगितले, तिच्यावर शिष्येचा विश्वास बसला. घरी न जाता ती शेवंताच्या दारात उभी राहिली.

"आता कशाला आलीस? तूच तर पाठवलं होतंस," शेवंता म्हणाली.

"हो. न पाहता पाठवलं, चुकलं माझं. उद्या मी लेकीला नेतेय. तू बरोबर चल. आधी माझीला टोचू दे, तू बघ. मग तुझं तू ठरव."

शेवंता दारातून बाजूला झाली. मग कडेवरचे पोर तिच्या हाती देत म्हणाली, "धर याला जरा. कार्ड कुठं ठेवलंय, शोधते."

एका बोटाने पुढे गेलेले परत आणायला असे दारोदार चालावे लागते. शिष्येची अजून सहा दारे बाकी होती.