राहून गेलेलं उद्यापन

“आणि माई, मी सोमवार सोडले… आणि यांचा एखादा पूल पडला, तर?”

कुमुदिनीबाईंनी विचारलं आणि पदर सावरून त्या खाली बघत बसल्या. समोर आनंदीमाई वाती वळत होत्या. नव्वदीच्या माईंचं नदीकाठच्या त्या लहानशा मठात एवढंच काम उरलं होतं; वाती वळायच्या आणि येईल त्याचं ऐकून घ्यायचं.

नवस जुना होता.

दिनकरराव बोधनकर तेव्हा नुकतेच इंजिनिअर होऊन पुलाच्या कामावर रुजू झालेले. मांजरा नदीच्या काठी पत्र्याच्या खोलीत नवा संसार. रॉकेलचा स्टोव्ह, दोन ट्रंका आणि रात्रंदिवस पाण्याचा आवाज. महामार्गावरचा त्यांचा पहिलाच पूल. पायाची विहीर, म्हणजे खांबाखालचं काँक्रीटचं पोकळ नळकांडं, नदीत उतरवताना एका अंगाला कलली आणि दिनकररावांचं जेवणाखाण्यातलं लक्षच उडालं. भरल्या ताटावरून उठायचे.

कुमुदिनीबाईंनी काठावरच्या महादेवापुढे हात जोडले. यांचा पूल उभा राहीपर्यंत सोमवारी पाण्याशिवाय काही घेणार नाही, असं बोलून गेल्या.

विहीर सरळ झाली. पूल उभा राहिला. उद्यापनाचं सामानसुद्धा आणून ठेवलं होतं, तेवढ्यात बदलीचा हुकूम आला. दुसरी नदी, दुसरा पूल. त्या म्हणाल्या, हाही होऊ दे. मग तिसरा. दिनकरराव एकेक पायरी चढत मोठे साहेब झाले, निवृत्त झाले, केस पांढरे झाले. उद्यापन राहूनच गेलं.

गेल्या सोमवारी त्या देवघरात चक्कर येऊन पडल्या. डॉक्टर स्पष्टच बोलले, की पुढच्या वेळी उठतीलच असं नाही. लेकीने शपथ घातली. त्या कुणालाच बधल्या नाहीत. म्हणून आज दिनकररावच त्यांना इथे घेऊन आले होते.

“किती गाड्या जातात त्या पुलांवरून,” त्या म्हणाल्या. “पोरंबाळं असतात आत. माझ्या एका घासापायी…”

माईंनी वात खाली ठेवली. “म्हणजे पूल तूच उभे केलेस की. मग पेन्शन याला कशी मिळते?”

दाराशी बसलेले दिनकरराव हसले. कुमुदिनीबाई हसल्या नाहीत. त्यांना ते खरंच वाटत होतं. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, कुणाला न सांगता, त्याचा थोडा अभिमानही होता.

माईंनी दिनकररावांना जवळ बोलावलं. ओलं काँक्रीट ओतलं की ते वर राहतं कशावर, असं विचारलं.

त्यांचा चेहरा उजळला. टेकू, फळ्या, सगळं सेंटरिंग त्यांनी हातवारे करून उभं केलं. बोलता बोलता ते जुन्या दिवसांत शिरले. काठावरच्या शेकोटीत भाजलेल्या शेंगा, वाळूत रुतणारी जीप. कुमुदिनीबाई मध्येच म्हणाल्या, की हे घरी यायचे ते सिमेंटने भुवया पांढऱ्या करून, आणि आपण म्हणायचो, आले आजोबा. दोघंही क्षणभर तिथेच राहिले… त्या पत्र्याच्या खोलीत.

“ते टेकू नसते तर?” माईंनी विचारलं.

“पूल झालाच नसता.”

“आणि काढलेच नाहीत तर?”

“मग तो पूल कसला, माई? टेकूंवर निजलेलं ओझं ते. आणि पूर आला, की तेच टेकू पाणी अडवणार. पुलालाच धोका.”

“काढताना भीती नाही वाटत?”

दिनकररावांनी बायकोकडे पाहिलं.

“पहिल्या वेळी वाटली. काँक्रीट पक्कं झालं होतं, हिशेब बरोबर होता. तरी मी आज काढू, उद्या काढू करत राहिलो. हिला कधी बोललो नाही.”

“मला वाटलं, तुम्हाला ताप होता,” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

“ताप नव्हता.”

…

“मग?” माईंनी विचारलं.

“मग पावसाळा तोंडावर आला. मधले टेकू आधी सैल केले. अगदी हळू. मी खालीच उभा होतो. पूल किंचित खाली आला…”

त्यांचा तळवा हवेत थोडा उतरला.

“…आणि थांबला.”

कुमुदिनीबाई त्या हाताकडे बघत राहिल्या.

माईंनी शेजारचं ताट ओढलं. नैवेद्याचा शिरा होता, अजून कोमट. त्यातला घासभर त्यांनी कुमुदिनीबाईंच्या तळहातावर ठेवला. कुमुदिनीबाईंनी तो कपाळाला लावला आणि सवयीने रुमालात बांधायला घेतला.

माईंनी त्यांचं मनगट धरलं. घट्ट नाही. नुसतं धरलं.

“माई… आज सोमवार.”

“हो.”

…

“तूही आता टेकू सैल कर, पोरी. किंचित खाली येईल… येऊ दे.”