शेवटचा वाटा

अनोळखी माणूस पेढे घेऊन आला की मला आधी शंकाच येते. परवा शेजारच्या हिरूबायच्या अंगणात मोटार थांबली, तशी मी कढी उतरवून कुंपणाशी गेले. बंदर बांधणाऱ्या कंपनीचा साहेब होता. आमची मासळी वाळवायची किनाऱ्यावरची वाळूची पुळण त्याला हवी होती, आणि हिरूबायने मान हलवली की सारा कोळीवाडा हलवतो, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं.

"मावशी, देश पुढे जायचा तर थोडं सोसावं लागतं," साहेब म्हणाला. "आधी कंपनी मोठी होऊ दे. मग तुमचा वाटा आपोआप येईल."

"बरं की," हिरूबाय म्हणाली. ही भुलली की काय!

"पण दादा, आमची एक रीत आहे. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे जो घालतो, त्याने आपला वाटा सगळ्यांच्या मागून उचलायचा. म्हणून तर वाटे सारखे पडतात. इथे वाटे कोण घालणार?"

"कंपनीच!" साहेब छाती फुगवून म्हणाला.

"मग आधी आमचा वाटा येऊ दे. कंपनीने आपला सगळ्यांच्या मागून घ्यावा. पुळण कुठे पळून जात नाही."

साहेब मोटारीत जाऊन बसला. पेढ्यांचा पुडा विसरला. वाटे मी घातले, म्हणून मला फुटका पेढा मिळाला.