टिटवीबाईंचा सत्कार

जनावरांचाही आठवडी बाजार भरायचा, त्या काळातली ही गोष्ट. बाजाराच्या कडेला खडकावर उभ्या राहून टिटवीबाई ओरडायच्या, "बोरं महागणार!" ते ऐकताच सगळे बोरं साठवायला धावत, आणि बोरं खरोखरच महागत. टिटवीबाई थोर अर्थतज्ज्ञ ठरल्या.

काटेपंत साळिंदराला मात्र चैन पडेना. सशांची पिल्लं उपाशी झोपत होती. बारा वर्षं बाजार पालथा घालून त्यांनी ग्रंथ लिहिला: बोरं टिटवीबाईंच्या ओरडण्यानंच महागतात. तो कुणी उघडलाही नाही. शेवटी त्यांनी टिटवीबाईंनाच गळ घातली, "बाई, एवढं तुम्हीच सांगा. तुमचं सगळे ऐकतात."

बाई भाबड्या होत्या. त्यांनी खडकावरून जाहीर करून टाकलं, "बोरं माझ्यामुळेच महागतात!"

बाजार थक्क झाला. "एका हाकेत अख्खा बाजार हलवतात! केवढी ही विद्वत्ता!" सिंहमहाराजांनी भर सभेत बाईंना शाल-श्रीफळ दिलं.

मग त्यांची नजर काटेपंतांवर गेली. "आणि आपण काय करता?"

"अभ्यास," काटेपंत पुटपुटले.

"करा, करा," महाराज मायेनं म्हणाले. "चिकाटी धरलीत तर एक दिवस आपल्यालाही ओरडता येईल."