वेळाईच्या दारातले सरकलेले नांगर

हेदखोलच्या बंदरावर वेळाईचे देऊळ आहे. देवळासमोर, समुद्राकडे तोंड करून, होड्यांचे जुने नांगर ओळीने मांडून ठेवले आहेत. काही नुसते भोक पाडलेले दगड, काही लाकडी बेचक्यांना दगड बांधलेले, आणि अलीकडचे म्हणजे बांधकामाच्या सळ्या वाकवून केलेले. देवीला फूल वाहिले की एकेक फूल या नांगरांनाही वाहतात. बाहेरून येणाऱ्या माणसाला वाटते, मोठमोठ्या वादळांत टिकलेले हे नांगर असावेत. तसे कोणी म्हटले की देवळाच्या पायरीवर बसलेले हरबाजी तांडेल मान हलवतात.

"न्हाय पाव्हणं. ह्यातला एकबी टिकला न्हाय. हे समदे सरकलेले."

मग ते पाहुण्यांना सावलीत बसवतात आणि येसूची हकीकत सांगतात. ती अशी.

पंधरा पिढ्यांमागे हेदखोलात अकरा होड्या होत्या, असे सांगतात. खाडीचे तोंड अरुंद, आत पाणी शांत, पण तळ मोठा फसवा. वर निळसर चिखलाचा थर आणि खाली गुळगुळीत कातळ. अशा तळावर नांगर धरून ठेवणे अवघड. म्हणून जो तो आपापला नांगर आपापल्या परसात, कुडाच्या भिंतीआड घडवी. कोणता दगड, किती वजनाचा, भोक कुठे, हे बाप फक्त मुलाला सांगे. शेजाऱ्याचा नांगर नुसता निरखून पाहिला तरी भांडण होई.

या गावात येसू नावाची बाई दोर वळत असे. नारळाची सोडणे खाडीत कुजवायची, कुटायची, त्यांचा काथ्या काढायचा आणि मांडीवर पीळ देत दोर लांबवत न्यायचा. गावातल्या सगळ्या होड्यांचे दोर तिच्या हातचे. दोर वळताना तिची नजर समुद्रावर असे आणि ओठ हलत असत. ती काय म्हणते ते कोणाला कधी कळले नाही. तिचा नवरा धाकू चेष्टेने म्हणायचा, "माझी बायको दोरात गोष्ट वळते. म्हणून तो तुटत न्हाय."

धाकूचा नांगर गावात सगळ्यांत मोठा. घोटून घोटून आरशासारखा केलेला काळा दगड, चार गड्यांनी उचलायचा. त्याचा त्याला फार अभिमान होता. पण मन मोठे होते. तीन जिवलग मित्रांना त्याने तसेच दगड घडवून दिले होते.

त्या वर्षी कार्तिकात गावात लग्न होते. सगळे पुरुष मांडवात, आणि नांगरलेल्या होड्यांवर राखणीची पाळी धाकूची. दुपारी जेवणाच्या पंगती बसल्या आणि पश्चिमेकडून आभाळ उतरले. वारा असा आला की मांडवाचे झाप माडांच्या शेंड्यांवर जाऊन अडकले. लोक किनाऱ्याकडे धावले. पावसाच्या पडद्यातून त्यांना दिसले ते एवढेच : सगळ्यांत बाहेर असलेली धाकूची होडी सुटली, अर्धे शीड वर चढले, बाकीच्या होड्यांच्या कडेने ती तिरकी तिरकी गेली आणि काळकाप नावाच्या खडकावर आदळली. दहा होड्या वाचल्या. धाकू सापडला नाही.

"दोर तुटला," कोणीतरी म्हणाले. आणि ते वाक्य गावभर झाले.

येसूसमोर कोणी काही बोलले नाही. पण मार्गशीर्षात लोक दुसऱ्या गावाहून दोर आणू लागले. तिच्या अंगणातली दोराची वेटोळी तशीच पडून राहिली. येसूलाही ते खरे वाटू लागले होते. तो दोर तिने श्रावणात वळला होता आणि तेव्हा तिच्या अंगात ताप होता. कुठल्या हातभर लांबीत पीळ सैल पडला असेल? ती दिवसभर अंगणात बसून जुने दोर उलगडी, एकेक पेड बोटांतून फिरवी, आणि तसाच पुन्हा वळी. तिला जाग आणि स्वप्न यांतला फरक कळेनासा झाला होता. कधी वाटे, पाण्याखालून कोणी दोर हलकेच ओढते आहे, आणि त्याचे दुसरे टोक आपल्याच हातात आहे.

पौषातल्या अमावास्येला ओहोटी लागली आणि थांबेचना, असे सांगतात. उधाणाची ओहोटी सगळ्यांनी पाहिलेली, पण त्या सकाळी पाणी काळकापाच्याही पलीकडे गेले. खाडीचा तळ उघडा पडला. त्याच्यावर पातळ धुके होते, आणि धुक्यातून ऊन असे झिरपत होते की चिखल आतून उजळल्यासारखा दिसे. लोक घाबरून देवळात जमले. येसू मात्र पाण्यात पाय घालायला जावे तशी सहज चालू लागली. तिला कोणी हाक मारली, तीही तिने ऐकली नाही.

पायाखाली थंड, मऊ चिखल. खळग्यांत अडकलेली बारीक पिलसी मासळी चांदीसारखी उडत होती. इथे काल दोन पुरुष पाणी होते आणि आज आपण चालतो आहोत, याचे तिला नवल वाटले नाही. चालता चालता तिला चिखलात एक चर लागला. शेतात नांगराच्या फाळाने काढावा तसा, रुंद आणि सरळ. दोन महिन्यांच्या लाटांनी तो कसा बुजला नाही, हे देवीलाच ठाऊक. येसू चराच्या काठाने निघाली. एका जागी तो खोल होता, तिथे दगडाने क्षणभर धरले असावे. मग पुन्हा उथळ झाला, मग कातळावर नुसता ओरखडा. शंभर पावलांवर चर संपला, आणि तिथे धाकूचा काळा दगड पालथा पडला होता.

त्याच्या भोकात तिचा दोर बांधलेला होता. तिने तो चिखलातून ओढून काढला. वीस वाव दोर, पेड न पेड शाबूत. आणि टोक? तुटलेल्या दोराचे टोक पिंजते, कुंच्यासारखे होते. हे टोक सरळ होते. कोयत्याच्या एका घावात छाटलेले.

येसू त्या दगडावर बसली. धुक्यात तिला ती दुपार दिसली, तिथे उभी असल्यासारखी. नांगर सरकतो आहे, होडी मागे मागे जाते आहे, मागे दहा होड्या उभ्या. आणखी थोडे, की ही होडी त्यांच्यावर बसणार, एकीचे दोर दुसरीत गुंतणार, आणि सगळ्या मिळून खडकावर जाणार. आपल्या दगडाने दगा दिला हे धाकूला कळले. त्याने दोर कापला, शीड चढवले आणि होडी वळवून एकट्याने काळकापावर नेली.

ती मोठ्याने रडली, म्हणतात. दोर तुटला नव्हता म्हणून, आणि तो कापावा लागला म्हणून.

पाणी परतू लागले तेव्हा ती दोराचे वेटोळे खांद्यावर टाकून वर आली. वाटेत तिच्या मनात दोन विचार झगडत होते. छाटलेले टोक दाखवले की तिचा दोष जाणार होता. पण का छाटला, हे सांगितले की धाकूचा दगड गावासमोर उघडा पडणार. मेलेल्या माणसाचा एवढा एकच अभिमान, तोही काढून घ्यायचा? कुणी दुष्ट माणसाने कापला असे म्हटले असते, तरी कुणी खोदून विचारणार नव्हते. मग तिची नजर वर गेली. किनाऱ्याजवळ कलंडलेल्या होड्यांपैकी तिघींच्या नाळेवर, पुढच्या टोकाशी, धाकूने दिलेले काळे दगड चकाकत होते.

देवळापुढे सगळे गाव उभे होते. पुढे रावजी तांडेल, गावाचा कारभारी. येसूने वेटोळे त्याच्या पायाशी ठेवले आणि टोक वर धरले.

"तात्या, दोर तुटला न्हाय. माझ्या धन्यानं कापला. आमचा नांगर सरकला व्हता." तिने कलंडलेल्या होड्यांकडे बोट केले. "त्यानं तुमच्या होड्या राखल्या, ह्ये त्याचं. पण नांगर आमचा चुकला, ह्येबी खरं. तसलाच दगड तिघांच्या होडीत हाय. तो घिऊन दर्यात जाऊ नका."

आपल्या घरचा नांगर सरकला, हे त्या गावात त्याआधी कोणी कधी उच्चारले नव्हते. घरातले वेड उघड करावे तशी ती गोष्ट.

मग रावजीने डोक्याचे मुंडासे काढले. "माझाबी सरकला," तो म्हणाला. "त्याच दिशी. बारा हात. मी कुणाला सांगितलं न्हाय."

"आमचा दर भरतीला सरकतो," मागून एक म्हातारी म्हणाली. तिच्या मुलाने तिला दटावले, आणि मग तोही खाली बघत म्हणाला, "व्हय, सरकतो."

त्या दिवशी दहा घरांतले नांगर कुडाबाहेर आले. वाळूवर ते शेजारी शेजारी मांडले तेव्हा लोक एकमेकांकडे बघू लागले. पिढ्यान्‌पिढ्या लपवलेले ते सगळे नांगर जवळजवळ सारखेच होते.

पुढचे तीन महिने हेदखोलचे लोक मासे मारून आले की वाळूवर जमत. नांगर होडीतून नेऊन खाडीच्या चिखलात टाकायचा, येसूचा दोर किनाऱ्यावर आणायचा आणि माणसांनी ओढायचा. धाकूने मित्रांना दिलेल्या मोठ्या दगडांपैकी एक टाकला, तो सात माणसांच्या ओढीने सरकत आला. त्याच्याहून जड दगड केला, तो आठांना आला. "वजनानं चिखल भीत न्हाय," रावजी म्हणाला. मग झिलू सुताराने खैराचे बेचके काढले, दोन्ही टोके तासून चोचीसारखी केली आणि मध्ये दगड बांधला. तो कधी वीस माणसांना हलेना, तर कधी पाचांना घसरत यायचा. झिलू कपाळाला हात लावून बसे.

येसू दोराच्या पुढच्या टोकाला उभी राही. डोळे मिटून दोर दोन्ही हातांत धरी. जन्मभर दोर वळलेले ते हात. एके दिवशी ती म्हणाली, "झिलूभाऊ, तो आडवा पडतोय. दोन्ही चोची चिखलावर लोळतायत. दोर कसा गुळगुळीत लागतोय बघा."

"पाण्याखालचं तुला काय दिसतंय, वैनी?"

"दिसत न्हाय. हाताला लागतंय."

झिलूने त्या रात्री विचार केला असेल, किंवा जेवता जेवता सुचले असेल. दुसऱ्या दिवशी त्याने बेचक्याच्या दांड्याला वरच्या टोकाशी एक लांब लाकूड आडवे बसवले, चोचींशी काटकोनात. आता नांगर आडवा पडू गेला की ते लाकूड त्याला पडू देईना. तो कुशीवर वळायचा आणि एक चोच आपोआप चिखलात जायची. येसूने आणखी एक गोष्ट सांगितली. दोर आखूड सोडला तर ओढ वर लागते आणि नांगर उपटतो. तो लांब सोडा, पाण्याच्या खोलीच्या चौपट, म्हणजे ओढ जमिनीलगत राहील. तिने त्यासाठी नवा दोर वळला. या वेळी तिच्याशेजारी गावातल्या सगळ्या बायका काथ्या घेऊन बसल्या होत्या.

चैत्रातल्या एका संध्याकाळी तो नांगर टाकला. दहा माणसांनी ओढला. वीस झाली. बाया आल्या, म्हातारे आले, लग्नातली ती नवी नवरीही पदर खोचून आली. सगळे गाव एका दोराला लागले. दोर ताणला आणि त्यातून बारीक घुमणारा आवाज येऊ लागला, लांब कोणी गुणगुणावे तसा. पाणी सोनेरी झाले होते. पाय वाळूत घोट्यापर्यंत रुतले, हातांची सालटी निघाली. नांगर आला नाही. मग कोणीतरी हसले, आणि अख्खे गाव हसत हसत वाळूवर पडले. येसू एकटीच दोर धरून उभी होती. तिने तो गालाला लावला आणि बराच वेळ कान देऊन ऐकत राहिली.

पुढच्या कार्तिकात पुन्हा तसेच वादळ आले, म्हणे. दहाच्या दहा होड्या रात्रंदिवस नाचल्या आणि उजाडल्यावर जागच्या जागी होत्या. गावाने धाकूचा काळा दगड पुढच्या मोठ्या ओहोटीला वर आणला आणि देवीसमोर ठेवला. ओळीतला तो पहिला. वाळूवर हरलेले बाकीचे दगड त्याच्या शेजारी आले, म्हणजे त्याला एकटे वाटू नये. येसू खूप म्हातारी होऊन गेली. ती गेली त्या दिवशी खाडीतल्या सगळ्या होड्यांचे दोर वारा नसताना घुमले, असे सांगतात. कोणी ऐकले, ते मात्र आता सांगता येत नाही.

आजही नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी हेदखोलात नांगर ओढतात. इंजिनाच्या होड्या आल्या, सळ्यांचे नांगर आले, दुकानातले तयारही येतात. पण गावाने ओढून पाहिल्याशिवाय एकही नांगर होडीत चढत नाही. ज्याचा सरकेल त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचे, "आमचा सरकला." त्यावर कोणी हसत नाही. पहिला नारळ त्याच्या हातात देतात, दुपारच्या पंगतीत पहिले पान त्याचे वाढतात, आणि तो जेवत असतानाच झिलूच्या वंशातले सुतार आणि शेजारपाजारचे चार जण त्याच्या अंगणात जाऊन नव्या नांगराच्या कामाला लागलेले असतात.