दीडहाती शब्द

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा एका राज्यात शब्दसुद्धा हातानं मोजत. राजपंडितांनी लिहिलेला एखादा शब्द ताडपत्रावर दीड हात भरला, की त्याला ‘दीडहाती’ म्हणत आणि पंडितांना शाल मिळे. साहजिकच पंडितांचे शब्द वर्षागणिक वाढत चालले होते.

ते गावोगाव पोचवायचं काम केरबा दवंडीवाल्याचं. नियम एकच. मजकुरातलं एक अक्षर बदललं, तरी हलगी जमा. आणि हलगीवरच त्याचं पोट होतं.

एका उन्हाळ्यात बांध दुरुस्त करायला तळ्याचं पाणी नदीत सोडायचं ठरलं. पंडितांनी केरबाला दवंडी लिहून दिली, अर्थही कौतुकानं समजावला.

केरबा नदीवर आला. पात्र कोरडं होतं. वाळूतल्या वाफ्यांत टरबुजं पिकली होती, माणसं तोडणीत गुंतली होती, पोरं लोळत होती. केरबानं हलगी वाजवली आणि एका दमात सांगितलं, “ऐका हो ऐका, आज दुपारी तडागद्वारोद्घाटनजन्यजलौघवृद्धी होईल.”

लोकांनी भक्तिभावानं हात जोडले. एका म्हातारीनं त्याच्या पायाशी टरबूज ठेवलं आणि ती पुन्हा वाळूत उतरली. केरबानं हातातल्या हलगीकडे पाहिलं. हलगी गेली तर चूल विझेल, पण ही माणसं गेली तर?

त्यानं हलगी पुन्हा बडवली. “तळ्याची मोरी उघडतायत. पाणी येतंय. पोरं उचला अन् वर या.”

मग काय विचारता! पोरं काखेत, टरबुजं डोक्यावर, सगळं गाव धापा टाकत काठावर आलं. थोड्याच वेळात पाणी आलं आणि वाळू दिसेनाशी झाली. माणसं एकमेकांकडे बघून हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी केरबानं स्वतःच दरबारात जाऊन हलगी राजापुढे ठेवली आणि आपला गुन्हा सांगितला. राजानं पंडितांना विचारलं, “दवंडी कुणासाठी असते?”

पंडितांनी उत्तराला लांबलचक सुरुवात केली, मध्येच थांबले आणि ओशाळून हसले. “ऐकणाऱ्यासाठी, महाराज.”

राजानं हलगी उचलून केरबाच्या हाती दिली. पुढच्या खेपेला पंडित स्वतः त्याच्यासोबत नदीवर गेले आणि काठावरून ओरडले, “पाणी येतंय, वर या.” माणसं लगेच वर आली. त्या दिवशी पंडितांना जो आनंद झाला, तो कुठल्याही शालीनं झाला नव्हता.

तात्पर्य: शब्दाची थोरवी त्याच्या लांबीत नसते, तो ऐकणाऱ्यापर्यंत पोचण्यात असते.