पुलाखालची पंगत

"दोन शाळांतली एक निवड! उद्या सूर्य मावळायच्या आत! चुकलीस, तर जन्मभर बापाचा भाता ओढत बस!" राजा विक्रांतसेनाने लोहाराच्या भिवराला बजावले.

भिवराला स्थापत्य शिकायचे होते. पूल, बंधारे, बुरूज बांधायचे होते. पण वज्रनगरीत शाळा दोन. एक नदीच्या ऐलतीरी, एक पैलतीरी. दोन्हींचा लौकिक सारखा, मान सारखा. दोघींनी नदीवर बांधलेले पूलही जुळ्या भावांसारखे! राजपंडित दर वर्षी दोघींनाही पहिला मान देऊन मोकळे होत. त्यांतली सरस कोणती, हे खुद्द राजालाच कधी ठरवता आले नव्हते. म्हणून तर त्याने ते लोढणे एका पोरीच्या गळ्यात बांधले! वर अट अशी, की शाळेत पाऊल टाकायचे नाही आणि कोणाला काही विचारायचे नाही.

"पोरी, आपला भाताच बरा," बाप म्हणाला.

भिवराच्या डोळ्यांत पाणी आले. ते पदराने पुसून ती तडक दरबारात परतली.

"महाराज, मी काहीच विचारणार नाही. तुम्ही फक्त उद्या दोन्ही गुरुजींना जेवू घाला."

"एवढंच?"

"प्रत्येकाचं पान त्याच्याच पुलाखाली मांडायचं. आणि ते जेवत असताना वरून तुमचा हत्ती चालवायचा!"

दुसऱ्या दिवशी नदीकाठी ही गर्दी लोटली! आमंत्रण राजाचे, नाही कोण म्हणणार? ऐलशाळेचे मुकुंदशास्त्री आपल्या पुलाखाली मांडी ठोकून बसले. वर हत्तीची घंटा घणघणली आणि शास्त्रीबुवांनी एकदम हात वर केला. लोकांच्या काळजात धस्स झाले!

"अहो वाढपी, पुरणपोळीवर तूप कुठाय?"

मग पैलशाळेच्या केशवशास्त्र्यांची पाळी आली. पान वाढले, उदबत्ती लावली. हत्ती पुलाच्या तोंडाशी येतो न येतो, तोच ते ताडकन उठले.

"क्षमा, महाराज! आज माझा कडक उपवास!"

"उपवास? आज ना एकादशी, ना चतुर्थी!"

"नवस बोललोय, महाराज. आत्ताच बोललो!"

भिवराने हात जोडले. "महाराज, मी ऐलशाळेत जाणार."

राजा असा थोडाच सोडणार! "थांब. दोघेही पोटभर जेवले असते तर?"

"तर डोळे मिटून कुठल्याही शाळेत गेले असते. दोन्ही चांगल्याच!"

"आणि जेवता जेवता एखादा पूल पडला असता तर?"

"तर शाळा एकच उरली असती, महाराज!"

राजा इतका हसला, की पगडी कानावर आली. त्याने भिवराच्या शिक्षणाचा सगळा भार राज्यावर घेतला आणि भिंत सरळ आहे का ते पाहायचा सोन्याचा ओळंबा तिच्या हातात ठेवला. मग हसता हसता तो एकदम थांबला.

"अरे भोयांनो, सकाळी माझी पालखी कोणत्या पुलावरून आणलीत?"

"केशवशास्त्र्यांच्या, महाराज."

"मग जाताना दुसऱ्या पुलावरून न्या! माझा आज उपवास नाही!"