हळदीच्या शेठचा पट्टा

एका पेठेच्या गावात हळदीचा एक व्यापारी राहत होता, रंगनाथशेठ. त्याने नवी कोरी मोटार घेतली. थंड हवेचं बटण, मागे कलणारी खुर्ची, सगळं पठ्ठ्याने पहिल्याच दिवशी शिकून घेतलं. पण पट्टा लावला नाही म्हणून गाडी टिंगटिंग करू लागली की त्याचं डोकं फिरे.

“गाडी माझी, आणि मलाच हुकूम सोडते?” तो म्हणे. शेवटी त्याने बाजारातून एक नुसती कडी आणली आणि पट्ट्याच्या खाचेत खुपसली. गाडी गप्प झाली. पट्टा मात्र होता तिथेच लोंबकळत राहिला. शहाणपण बघा!

गाडी चालवायला गोदाक्का होती. अकरा वर्षं तिने शाळेची पोरं घाटातून ने-आण केली होती, कुणाला खरचटूही दिलं नव्हतं.

शेठची एकुलती एक लेक वैजू. लग्नाला नऊ वर्षं झाली, तेव्हा कुठे तिला दिवस गेले. सातवा महिना सरला, तसा शेठ तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायला गेला.

निघताना गोदाक्का म्हणाली, “वैजूताई, पट्टा लाव गं.”

शेठ खवळला. “अगं, पोटुशी आहे ती! पोट आवळेल. राहू दे.”

“पोटावर नाही घ्यायचा, शेठ. खालचा पोटाखालून, वरचा छातीवरून. डॉक्टरीणबाईंनी दाखवलंय मला.”

“मालक कोण? तू की मी?”

“तुम्हीच. पण चाक माझ्या हातात आहे. पट्टा लागल्याशिवाय गाडी हलायची नाही.” आणि तिने इंजिनच बंद केलं.

“मग उद्यापासून कामावर येऊ नकोस!”

“उद्याचं उद्या. आज पोर सुखरूप घरी गेली पाहिजे.”

नवरा वारल्यावर गोदाक्काचं घर याच नोकरीवर चालत होतं. पण ती ढिम्म हलली नाही. थंड हवा बंद, बाहेर रणरणतं ऊन. शेठ घामाघूम झाला. शेवटी वैजूनेच पट्टा ओढला, गोदाक्काने तो नीट बसवून दिला.

“अण्णा, तुम्हीही लावा ना,” वैजू म्हणाली.

“माझं मी बघतो,” म्हणून शेठ पुढची खुर्ची कलती करून फुरंगटून बसला.

घाट उतरताना एका वळणापलीकडे बंद पडलेला ट्रक उभा होता. ना दिवा, ना खूण. गोदाक्काने जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी ट्रकच्या हातभर अलीकडे थांबली. मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून तिने लगेच चारी दिवे लुकलुकते केले.

शेठ पुढे आपटला होता. दोन दात पडले, तोंड रक्ताने भरलं. पण त्याला त्याची शुद्धच नव्हती. तो मागे वळून ओरडला, “वैजू!”

वैजू डोळे मिटून, पोटावर दोन्ही हात ठेवून बसली होती.

“अण्णा,” ती हळूच म्हणाली, “लाथ मारली त्यानं.”

शेठ लहान मुलासारखा हमसून रडला. मग रक्ताळलेल्या तोंडाने म्हणाला, “गोदाक्का, माझाही पट्टा लाव गं.”

गोदाक्काने खाचेतली ती कडी उपटून काढली. मग शेठचा पट्टा नीट लावला.

तात्पर्य: सावध करणाऱ्याचं तोंड बंद केलं म्हणून संकट टळत नाही; आपल्या भल्यासाठी जो आपलाच राग झेलतो, त्याचं वेळेवर ऐकावं.